मामेभावाचा पॅलाडिन एकटाच सगळ्यांना झोपवतो, डीएमने काय करायचं?

मला आलेलं पत्र डी अँड डीबद्दल आहे, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ. डीएम गोष्ट आणि मॉन्स्टर चालवतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर खेळतात. पत्र असं आहे:

"ताई, आमचा डी अँड डीचा ग्रुप नाशिकच्या इंदिरानगरचा. दर शनिवारी रात्री मामांच्या घरी बसतो, चार प्लेयर आणि मी डीएम, नियमांची २०१४ ची पुस्तकं वापरतो. सगळे सातव्या लेव्हलला. एक रोग (rogue, लपून वार करणारा), एक विझार्ड (जादूगार), एक बार्ड (गाणारा, मित्रांना बळ देणारा) आणि माझा मामेभाऊ, जो सहा लेव्हल पॅलाडिन (देवाचा योद्धा) अधिक एक लेव्हल हेक्सब्लेड वॉरलॉक (शस्त्र चालवणारा जादूवाला) असा खेळतो. त्याचा एसी (आर्मर क्लास, त्याला लागायला जो आकडा गाठावा लागतो तो) २१, वर शील्ड नावाचा स्पेल, म्हणजे मंत्र, टाकला की २६, हातात फ्लेम टंग ही पेटणारी जादूची तलवार जी मीच मागे खजिन्यात ठेवली होती. मी काहीही आणलं तरी दोन राउंडात खलास. म्हणून मागच्या शनिवारी चिडून यंग ग्रीन ड्रॅगन आणला, तर पहिल्याच फुंकरीत विझार्ड पडली, बार्ड ३ एचपीवर (किती जीव उरला त्याचा आकडा) आला, आणि साहेब मात्र उभेच, वर ड्रॅगनपण त्यांनीच मारला. विझार्डवाली आता म्हणते पुढच्या वेळी बघते जमतंय का. तलवार काढून घेऊ का, नियम बदलू का? आणि आठव्या लेव्हलला त्याला वॉरलॉकची दुसरी लेव्हल घ्यायचीये, हो म्हणू का? घर त्यांचं, मामी दर वेळी भजी करतात, तोंडावर नाही म्हणवत नाही. – थकलेला डीएम"

अरे थकलेल्या, पहिलं म्हणजे तलवार काढून घ्यायचं डोक्यातून काढून टाक. तू ती चोराकरवी पळवलीस काय किंवा नदीत पाडलीस काय, टेबलावरच्या सगळ्यांना कळणार की हे गोष्टीत घडलं नाही, हे तू केलंस, आणि मग मामेभाऊ पुढच्या प्रत्येक वस्तूला हात लावताना तुझ्याकडे संशयाने बघणार. (रस्ट मॉन्स्टर आणायचा विचार आला असेल तर तो जादूच्या लोखंडाला काही करू शकत नाही, फ्लेम टंग तशीच राहील आणि पोराचं साधं प्लेट आर्मर मात्र जाईल, मग तर भांडणच.)

आता त्या ड्रॅगनकडे ये, कारण तुझा सगळा घोळ त्या एका फाइटमध्ये दिसतोय. २०१४ च्या डीएम गाइडच्या तक्त्यानुसार सातव्या लेव्हलच्या चार जणांना मीडियम म्हणजे ३००० एक्सपी (फाइट किती अवघड ते मोजायचे गुण) आणि हार्ड म्हणजे ४४००. यंग ग्रीन ड्रॅगन ३९०० चा. म्हणजे पुस्तकाच्या हिशोबाने तू साधी मीडियम फाइट दिलीस, आणि तरी दोघं जवळजवळ मेले, कसं काय? त्याची फुंकर १२ डी ६, म्हणजे सहा बाजूंचे बारा फासे, सरासरी ४२ डॅमेज. सातव्या लेव्हलच्या विझार्डला ३५-४० एचपी असतात, सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा) चुकला की ती आडवी होणारच. रोगचं इव्हेजन, म्हणजे निसटायचं कौशल्य, तेसुद्धा इथे कामाचं नाही कारण ते डेक्सच्या (चपळाईच्या) सेव्हला लागतं आणि ही विषारी फुंकर कॉन्स्टिट्यूशनचा (तब्येतीचा) सेव्ह मागते. पॅलाडिन मात्र स्वतःच्या ऑराचा (भोवतीच्या दैवी वलयाचा) बोनस घेऊन आरामात सुटला, आणि तो ऑरा १० फुटांत उभ्या असलेल्या मित्रांनापण मिळतो, पण माझी खात्री आहे की साहेब पहिल्याच टर्नला पुढे पळाले असणार आणि बाकीचे मागे राहिले असणार.

आता हल्ल्याचं गणित कर. ड्रॅगन हल्ला करताना वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवतो, म्हणजे +७. एसी २१ ला लागायला १४ यायला हवा, म्हणजे ३५ टक्के. मेज आर्मर (जादूचं कवच) घातलेल्या विझार्डचा एसी १५ धर, तिला ८ ला लागतो, ६५ टक्के. आता तू म्हणशील मॉन्स्टरला अजून दणकट करतो, +१० देतो. दिलास. पॅलाडिनला लागायचे ५० टक्के झाले आणि विझार्डला ८०. म्हणजे तू मारायला गेलास एकाला आणि मेली दुसरी. सोसायटीच्या क्रिकेटमध्ये एक पोरगा क्लबला खेळणारा असला म्हणून बोलर सगळ्यांनाच फास्ट टाकायला लागला तर तो क्लबवाला खुशीत राहतो, दात पडतात ते दुसरीतल्या पोरांचे, तसंच हे. म्हणून मॉन्स्टरचे आकडे वाढवणं हा उपाय या दुखण्यावर चालतच नाही. चारही जण सारखेच तगडे असते तर चाललं असतं, तेव्हा आकडे वाढव आणि झोप. तुझ्याकडे प्रॉब्लेम एका माणसाच्या ताकदीचा नाहीये, एक आणि तीन यांच्यातल्या फरकाचा आहे, आणि तो फरक दिसतो कारण तुझी प्रत्येक फाइट एकच गोष्ट विचारते: समोरच्याला आधी कोण पाडतो. या प्रश्नात पॅलाडिन पहिला येणारच रे, तो त्याचसाठी बनवलाय.

पण काही बदलायच्या आधी त्याची कॅरेक्टर शीट माग आणि शांतपणे वाच. चोर पकडायला नाही, नुसतं वाच. मला तीन ठिकाणी शंका आहे.

एक, शील्ड स्पेल. तो स्पेल तोंडाने आणि हाताने करायचा, त्याला एक हात मोकळा लागतो. याच्या एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल. ढालीवर देवाचं चिन्ह आहे म्हणून चालेल असं बरेच जण म्हणतात, पण ते फक्त ज्या स्पेलला सामान लागतं त्यांनाच चालतं, शील्डला सामान लागतच नाही. वॉर कास्टर फीट (हात भरलेले असूनही स्पेल टाकायचं खास कौशल्य) असेल तर गोष्ट वेगळी. पण पॅलाडिन सहा वॉरलॉक एक म्हणजे आत्तापर्यंत त्याला फीट किंवा गुण वाढवायची संधी एकदाच आली, पॅलाडिनच्या चौथ्या लेव्हलला, आणि तिथे त्याने करिश्मा वाढवला असेल तर वॉर कास्टर आलं कुठून? व्हेरिएंट ह्यूमन (माणसाचा एक प्रकार) असेल तर पहिल्या लेव्हलचं फीट असू शकतं, ते बघ. नसेल तर तुझा २६ एसी आजपासून २१ झाला, आणि ड्रॅगनचे जे १० टक्के होत होते ते ३५ झाले, कुठलाही नियम न बदलता.

दोन, प्लेट आर्मरला स्ट्रेंग्थ १५ लागते. हेक्सब्लेड घेणारे लोक करिश्मानेच मारतात म्हणून स्ट्रेंग्थ १३ वर सोडून देतात, मल्टिक्लासपुरती, म्हणजे दोन क्लास जोडायला लागते तेवढीच. तसं असेल आणि तो ड्वॉर्फ नसेल तर त्याचा स्पीड १० फुटांनी कमी, म्हणजे ३० चा २०. हे माहिती असूनसुद्धा टेबलावर कोणी मोजत नाही, आणि २० फूट स्पीडचा माणूस आणि ३० फूट स्पीडचा माणूस यात फाइटमध्ये जमीन अस्मानाचा फरक आहे.

तीन, तलवार पेटवायला बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जास्तीची कृती) जाते, आणि पेटली की ४० फुटांपर्यंत लख्ख उजेड. अंधाऱ्या गुहेत शिरताना ती पेटलेली असेल तर आख्ख्या गुहेला कळलं कोण आलंय. तुझे गोब्लिन आंधळे नाहीत ना?

या तिन्हीत काही निघालं तर ते सेशनच्या मध्यात सगळ्यांसमोर काढू नकोस, आधी फोनवर सांग. आणि काहीच नाही निघालं, सगळं नियमात बसलं, तरी हरकत नाही, पुढचं वाच.

मला खरी गडबड वाटते ती झोपेत. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावते की तुमच्याकडे एका शनिवारी एक फाइट होते आणि मग सगळे लाँग रेस्ट (रात्रभराची झोप, ताकद परत) घेतात. हो ना? मग बघ, त्याच्याकडे पॅलाडिनचे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी), दुसऱ्याचे दोन, वॉरलॉकचा एक, असे सात स्लॉट. प्रत्येक फटक्यावर स्माइट (स्लॉट खर्चून जास्तीचा मार) लावू शकतो. तलवारीचा १ डी ८, करिश्माचे ४, आगीचे २ डी ६, वर दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटचा ३ डी ८, एका फटक्याचे सरासरी २९, दोन फटके ५८. ओगरला ५९ एचपी असतात. एका टर्नमध्ये एक आख्खा ओगर, दिवसात एकच फाइट असेल तर हे तो सलग तीन राउंड थोडं कमीजास्त करत करू शकतो आणि तुमची फाइट तीन राउंडाच्या पुढे जातच नाही. पुस्तक लिहिणाऱ्यांनी एका दिवसात सहा ते आठ मीडियम-हार्ड फाइट आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांत्या) असं धरून हे सगळं बनवलंय. शनिवारी रात्री नऊ ते बारा, त्यात अर्धा तास कोण कुठे अडकलाय ते विचारण्यात, आठ फाइट कोणाच्या बापाला जमणार नाहीत. पण सेशन संपला म्हणजे दिवस संपला असं कोणी सांगितलं? एक दिवस दोन-तीन शनिवार चालू दे. शेवटी सगळ्यांनी आपले उरलेले स्लॉट आणि एचपी लिहून ठेवायचे, पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू. लाँग रेस्ट २४ तासांत एकदाच मिळतो हे नियमातच आहे, आणि गोष्टीत घाई असेल, म्हणजे पकडून नेलेल्या माणसाला उद्या पहाटे विकणार आहेत असं काही, तर दुपारी दोनला तंबू ठोकून झोपायची भाषा कोणी करणार नाही.

तीन फाइटमध्ये वाटले की सात स्लॉट म्हणजे प्रत्येकीला दोन, जेमतेम. तेव्हा तो विचार करायला लागतो की इथे स्माइट मारू का ठेवू, आणि मजा तिथेच आहे. रोगच्या स्नीक अटॅकचे ४ डी ६ मात्र कधीच संपत नाहीत, तिसऱ्या फाइटला तो अचानक भारी वाटायला लागतो. विझार्डचे स्लॉटही संपतील हे खरं, म्हणून मध्ये एक शॉर्ट रेस्ट नक्की दे, तिला आर्केन रिकव्हरीत थोडे परत मिळतात, आणि एक-दोन स्क्रोल वाटेत पडलेले सापडू देत.

आता फाइटकडे. तू नाशिकचा आहेस, हरिहर किल्ला चढला असशील, नसशील तर एखाद्या वीकडेला जा, रविवारी तिथे रांग असते. त्या कातळातल्या पायऱ्या आठव, शिडीसारख्या उभ्या, एका वेळी एकच माणूस, आणि प्रत्येक पायरीला हात घालायला खोबणी कोरलेली, ती धरल्याशिवाय वर जाता येत नाही. तेच उचलून टेबलावर ठेव. वर आठ हॉबगोब्लिन, आणि त्यांच्यातले दोघं बुरुजावर जाळ पेटवायला निघालेत, पाच राउंडात जाळ पेटला की खालच्या छावणीतून अजून पन्नास जण येणार. आठ हॉबगोब्लिन म्हणजे ८०० एक्सपी, संख्येचा गुणक अडीच, झाले २०००, तक्त्याच्या भाषेत ही ईझी फाइट. बघू या किती ईझी आहे.

मामेभाऊ म्हणणार मी पुढे. जा बाबा. दोन्ही हात खोबणीत लागणार, म्हणजे तलवार म्यानात आणि ढाल पाठीवर, ढाल काढायला एक ॲक्शन, एसी १९. एक हात ढालीसाठी ठेवायचाय? ठेव, प्रत्येक टर्नला ॲथलेटिक्स टाक, आणि स्ट्रेंग्थ १३. वरून धोंडे लोटतात, त्यांच्यापुढे एसी चालत नाही, स्ट्रेंग्थचा सेव्ह, चुकला की १५ फूट खाली आणि मागच्याला घेऊन. पण इथे बघ काय होतं, त्याच्या मागे पायऱ्यांवर जे आहेत ते सगळे त्याच्या १० फुटांत आहेत. म्हणजे पहिल्यांदाच त्याचा ऑरा तिघांना मिळतोय, तो पुढे आहे म्हणून बाकीचे पडत नाहीयेत. तो अजूनही हिरो आहे, फक्त मारणारा नाही, आडोसा देणारा. दरम्यान रोगला बाजूची कडा दिसते, विझार्डकडे फ्लाय (उडायचा स्पेल) आहे आणि ते स्वतःवर टाकायचं का रोगवर हा तिचा निर्णय, आणि तो निर्णयच ही फाइट जिंकणार किंवा हरणार आहे. बार्डचं इन्स्पिरेशन (मित्राच्या फाशाला मिळणारा बोनस) जो पडतोय त्याला. रोग वर पोचून जाळ पेटवणाऱ्याच्या पाठीत खंजीर घालतो. आणि चौथ्या राउंडला साहेब माथ्यावर पाय ठेवतात, तलवार उपसतात, पेटवतात, आणि समोर उरलेत चार हॉबगोब्लिन, अकरा-अकरा एचपीचे. मारू दे! त्या वेळी तू आडवा येऊ नकोस, वर्णन कर, तलवारीचा उजेड खालच्या छावणीपर्यंत दिसला म्हण.

या फाइटमध्ये मी मॉन्स्टरचा एकही आकडा वाढवलेला नाही. अगदी जुनीच गोष्ट आहे ही, आपल्याच रामशेजला औरंगजेबाच्या सरदारांनी १६८२ पासून काही वर्षं वेढा घातला, फौज कितीतरी मोठी, आणि किल्ला तसा लहानसाच, फार उंचही नाही, तरी हाती लागत नव्हता. किल्ल्यावर तोफा नव्हत्या म्हणून लाकडाच्या केल्या असं सांगतात. तुझ्या हॉबगोब्लिनच्या कॅप्टनला एवढी अक्कल दे की मोकळ्या मैदानात येऊन प्लेट घातलेल्या माणसासमोर उभं राहायचं नाही.

पण दर वेळी पायऱ्या नकोत हां. तीन आठवडे सलग त्याची ढाल पाठीवर गेली तर ते त्याला बरोबर समजेल. कधी दोन ठिकाणी एकदम काहीतरी पेटव, इकडे गावकरी अडकलेत आणि तिकडे पूल तुटतोय, २० फूट स्पीडने तो एकाच ठिकाणी पोचेल, कुठल्या ते त्याला ठरवू दे. कधी बोलून सुटणारं प्रकरण दे, बार्डसाठी. आणि मधूनमधून एक शनिवार सरळ त्याच्या नावाने कर, स्मशान, भुतं, झाँबी, अनडेडवर स्माइटला एक डी ८ जास्तीचा मिळतोच. त्या रात्री तो सगळ्यांना उडवणार आहे हे तुला आधीच माहिती असेल तर तुझं डोकं फिरणार नाही. एक गोष्ट मात्र करू नकोस, होल्ड पर्सन टाकून त्याला आख्खी फाइट गोठवून ठेवणं. चालतं ते, नियमात आहे, पण मग माणूस फोन काढून रील बघत बसतो, आणि चाळीस मिनिटं स्वतःच्याच घरात रील बघणाऱ्या माणसाच्या आईची भजी तुम्ही खाताय.

तिघांना वर आण, याला खाली ओढण्यापेक्षा ते केव्हाही सोपं. पुढच्या खजिन्यात रोग, विझार्ड आणि बार्डच्या कामाचंच ठेव. पॅलाडिनला या वेळी काही नाही, आणि त्याबद्दल कोणी बोलणार पण नाही कारण त्याच्याकडे फ्लेम टंग आहे हे सगळ्यांना दिसतंय. विझार्डवालीला मात्र आजच मेसेज कर. सॉरी वगैरेचा निबंध नको, नुसतं विचार की तुझ्या कॅरेक्टरला पुढे काय करायचंय, कुठला स्पेल शोधतेयस, आणि ती जे म्हणेल ते पुढच्या दोन सेशनमध्ये कुठेतरी घाल.

नियम बदलायचं म्हणत होतास. २०२४ च्या नव्या पुस्तकात स्माइट हा स्पेल झालाय, बोनस ॲक्शन खातो, म्हणजे एका टर्नला एकच. शिवाय सबक्लास (क्लासची शाखा, जशी वॉरलॉकची हेक्सब्लेड) आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळते, त्यामुळे एक लेव्हल हेक्सब्लेडची चव घेऊन पळणं तिथे जमतच नाही. म्हणजे तुला जे खुपतंय ते लिहिणाऱ्यांनाही खुपलं असावं. पण चालू कॅम्पेनमध्ये, आणि तेही एकाच माणसाला अडचण होईल असा, तू एकट्याने नियम फिरवू नकोस. सगळ्यांना विचारून नवीन कॅम्पेन नव्या पुस्तकावर करा, खुशाल.

राहिला मामेभाऊ. शनिवारी नको बोलूस, घरी नको बोलूस, मामी आतून ऐकत असतात. रविवारी सकाळी मिसळ खायला बाहेर काढ त्याला, दोघंच. आणि असं म्हण, "तुझा पॅलाडिन जबरी झालाय, पण बाकी तिघांना मागच्या वेळी काही करायलाच मिळालं नाही, विझार्ड तर पहिल्या टर्नला पडली. मला जरा मदत कर, ऑरा त्यांच्यापर्यंत पोचेल असा उभा राहा, आणि पहिले दोन राउंड स्माइट राखून ठेव." बहुतेक वेळा असे लोक वाईट नसतात रे, त्यांना बिल्ड बनवायची हौस असते, आणि कोणी काही म्हटलं नाही तर आपलं बरं चाललंय असंच वाटतं त्यांना. मदत मागितली की खुश होतात. त्यातूनही तो म्हणाला की मी का थांबू, त्यांनी चांगले कॅरेक्टर बनवायचे, तर मग मला परत लिही, तो प्रश्न डाइसचा नाही.

आणि वॉरलॉकची दुसरी लेव्हल. घेऊ दे. त्याला ती कशासाठी हवीये ते सांगते: एल्ड्रिच ब्लास्ट, वॉरलॉकचा लांबून मारायचा स्पेल, त्याला आत्ताही १२० फुटांवरून दोनदा मारता येतो, पण दुसऱ्या लेव्हलला ॲगोनायझिंग ब्लास्ट घेतला की प्रत्येक फटक्याला करिश्माचे ४ वाढतात, वर शॉर्ट रेस्टला परत येणारे स्लॉट एकाचे दोन होतात. लांबून मारायची त्याची उणीव भरून निघते. बदल्यात पॅलाडिनची आठवी लेव्हल, म्हणजे पुढचं फीट, अजून एका लेव्हलने लांबतं, म्हणजे वॉर कास्टर पण लांबलं. आणि एल्ड्रिच ब्लास्टलासुद्धा एक हात मोकळा लागतो, तेव्हा ढाल आणि तलवार दोन्ही हातात घेऊन तो मारता येणार नाही. हे त्याला लेव्हल घ्यायच्या आधी सांग, घेतल्यावर नाही.